नवं कुलूप, जुनी सुतळी

आमच्या गल्लीत बाहेरून येणारे लोक दोन प्रकारचे. एका प्रकारच्यांची किल्ली हरवलेली असते, दुसऱ्यांचं डोकं. पहिल्यांना मी कोपऱ्यावरची लोखंडी टपरी दाखवते. दुसरे खांद्याला कॅमेरा अडकवून विचारतात, "ते खुनांचं घर कुठलं हो? आणि मंडळींचा अड्डा?" त्यांनाही मी हल्ली त्याच टपरीकडे धाडते. तिथे बसलेली किल्लीवाली मावशी त्यांची बिनपाण्यानं करते. पुन्हा येत नाहीत.

हे लिहायला घेतलं त्याचं कारण माझा राग. त्या खुनांवर लोकांनी किती कागद काळे केले! मंडळी कशी बसायची, कोणत्या गाडीतून फिरायची, कोणाला कसा इशारा करायची, सगळं वर्णन वाचून घ्या. ज्यांनी मारलं की नाही हेच ठाऊक नाही, त्यांचे पोवाडे. ज्या चार बायका मेल्या त्यांना दोन ओळी. आणि जिनं त्या सगळ्या भानगडीत एका माणसाला फासापासून ओढून आणलं, तिच्यावर एक अक्षर नाही. कारण काय, तर तिच्या गोष्टीत पिस्तूल नाही.

नसू दे. कानस आहे.

मावशी लग्न करून आली तेव्हा ती टपरी नवऱ्याची होती. नवऱ्याला गल्ली 'घुम्या' म्हणायची. मुका नव्हता, पण विचारलं तर उत्तर देणार, तेही निम्मं. मावशी याच्या बरोबर उलट. "आमच्या घरात दोन माणसांचं बोलणं मला एकटीला बोलावं लागायचं," ती अजून सांगते, "हुंडा म्हणून हेच जास्तीचं काम मिळालं मला."

घुम्याची कामाची एक रीत होती. नुसती किल्ली घेऊन आलेल्याला तो दुसरी किल्ली करून द्यायचा नाही. "कुलूप आण, नाहीतर मालक आण." एवढंच बोलायचा आणि मान खाली. साबणावर छाप घेऊन येणाऱ्याकडे तर बघायचाही नाही. लोक कुरकुरायचे, पण मनातून खूश असायचे. हा माणूस आपल्या दाराची लाज राखतो, म्हणायचे. पुढे घर फिरलं तसे वासेही फिरले, आणि तीच माणसं म्हणू लागली, "बघा! कोणाचं कुलूप कुठलं, मालक कोण, एकेकाचं तोंड पाठ करून ठेवायचा!"

आता ते खून. चारही बायका एकट्या राहणाऱ्या, चौघी आमच्याच गल्लीतल्या त्या लागून असलेल्या जुन्या चार-पाच इमारतींत. पहिली गेली ती म्हातारी सुईण, जिच्या हातावर अर्धी गल्ली जन्मली. मग घरगुती डबे करून देणारी एक विधवा. मग कचेरीत टायपिंग करणारी एक बाई. शेवटची शिवणकाम करणारी, आमच्या नर्सताईची सख्खी बहीण. चौघींचे गळे आवळलेले. चौघींची दारं बंद, कुलपं धड. घरातली वस्तूनवस्तू जागच्या जागी.

कुलूप धड आहे म्हटल्यावर लोकांनी दोन आणि दोन पाच केले. इमारतींच्या मालकाला भाडेकरू हलवायचे होते, हे खरं. बंदरापासून बाजारापर्यंत ज्यांचा वचक होता त्यांना लोक नावानं हाक मारत नसत, 'मंडळी' म्हणत, जणू जेवायला बोलावलेत. ती मंडळी अशी कामं घ्यायची, हेही खरं. मग ठरलंच. मंडळींनी मारलं, आणि मंडळींना किल्ल्या करून दिल्या घुम्यानं. कोण म्हणालं? सगळेच म्हणाले. पहिलं कोण म्हणालं? ते मात्र कोणालाच आठवत नव्हतं.

मी आजवर पुष्कळ अफवांशी भांडले आहे, म्हणून सांगते. लोकांना मंडळी भीतीदायक वाटत नव्हती, सोयीची वाटत होती. मंडळींनी केलं म्हटलं की आपला काही संबंध उरत नाही. आपण गरीब, आपण मालकाच्या वाटेत नाही, आपल्याला कशाला मारतील? माणूस कडी न लावता झोपतो. पण कोणीतरी एकटा, साधा, रोज जिन्यावर भेटणारा माणूस असू शकतो म्हटलं, की झोप उडते. म्हणून लोकांनी मंडळींना धरून ठेवलं, बुडणारा लाकूड धरतो तसं.

आता सुतळीची गोष्ट. ही नीट समजून घ्या, सगळं हिच्यावर आहे.

त्या इमारतींच्या दारांना लॅच होतं. दार ओढलं की आपोआप लागायचं. आणि दाराला मध्ये टपाल टाकायची फट होती. घरोघरी माणसं पाळीवर जाणारी, कोणी कापडगिरणीत, कोणी इस्पितळात, पोरं शाळेत. किल्ली एक आणि येणारी तोंडं सहा. म्हणून प्रत्येकानं काय केलं होतं? किल्लीला सुतळी बांधायची, सुतळी आतून खिळ्याला अडकवायची आणि किल्ली फटीच्या आतल्या बाजूला लोंबकळत सोडायची. बाहेरून दोन बोटं घालायची, सुतळी ओढायची, किल्ली हातात. पोर उघडतं, नवरा उघडतो, शेजारीण उघडते. कोणी कोणाला शिकवलं नव्हतं, पण सगळ्या इमारतीत हीच तऱ्हा.

पहिल्या खुनानंतर गल्ली घाबरली. बाजारातल्या मोठ्या दुकानातून, घुम्याकडून नव्हे बरं का, नवीकोरी भारी कुलपं आली. सुतार बोलावून बसवली. आणि मग त्या नव्या कुलपाची नवी किल्ली घेऊन लोकांनी ती जुन्याच सुतळीला बांधली आणि फटीत सोडली.

हसू नका. नवीन कुलूप आलं म्हणून पोरं शाळेतून यायची थांबली नव्हती.

पोलीस घरोघर विचारत फिरले, "दार कसं बंद करता? किल्ली कोणाकडे असते?" तेव्हा एकजात सगळ्यांनी सांगितलं, "आमच्याजवळच असते, साहेब. कनवटीला." मेलेल्या चौघींच्या दारांच्या सुतळ्या तर पोलीस यायच्या आधीच शेजाऱ्यांनी सोडवून ठेवल्या होत्या. झाकली मूठ. सुतळी सांगितली तर मालक म्हणणार, तुम्हीच निष्काळजी, खोली खाली करा. आणि मेलेल्या बाईलाच लोक नावं ठेवणार. त्यापेक्षा न बोललेलं बरं. एक लहानसं खोटं, तेही सगळ्यांनी मिळून बोललेलं, त्यामुळे कोणालाच जड वाटलं नाही. सगळं वजन एकट्या घुम्यावर पडलं.

शिवणकामवाली गेली त्याच आठवड्यात त्याला उचललं.

मावशी रोज डबा घेऊन पोलीस ठाण्यावर जायची. एक दिवस भेट दिली. घुम्याच्या उजव्या हाताची बोटं सुजून वेडीवाकडी झालेली, पेला धरता येईना. मावशी रडली नाही. ती थेट साहेबांच्या टेबलाशी गेली. साहेब म्हणजे तिथला मोठा अधिकारी, चार खुनांनी झोप उडालेला, वरून रोज शिव्या खाणारा.

"नवरा हट्टी आहे तुझा," साहेब म्हणाले. "सगळं ठाऊक आहे आम्हाला. मंडळींनी दम देऊन किल्ल्या करून घेतल्या. कबूल कर म्हटलं तर सही करत नाही."

"सही येते त्याला साहेब. पण सही करायला हात कुठे ठेवलात?"

साहेबांनी वर पाहिलं. "अंगठाही चालतो."

"तो बोललाय तसं? तुमच्यापुढे?"

"तो काहीच बोलत नाही!"

"मग? लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्यापुढे बोलला नाही, तुम्ही काय त्याचे लाडके लागून गेलात?"

शेजारचा हवालदार खोकला. साहेब उठले. "सोमवारी कोर्टात उभा करतोय. तोवर अंगठा उठलेला असेल. मग फाइल बंद, गल्ली मोकळी. तूही सुटशील. तुझ्यासाठी सांगतोय."

चोर सोडून संन्याशाला फाशी, हे मावशीला कळायला शाळेत जावं लागलं नव्हतं. सुतळीचं तिनं ठाण्यात आधीच सांगून पाहिलं होतं, पण आरोपीच्या बायकोचं कोणी लिहून घेईना. ती ठाण्यातून निघाली ती दारोदार गेली. एकच विनंती, सुतळीचं सांगा. कोणीही एकानं जाऊन सांगा की किल्ली करून घ्यायची गरजच नव्हती, दोन बोटं पुरत होती.

कापडगिरणीतला फिटर म्हणाला, "वहिनी, आमच्याकडे नाही हो सुतळी." आणि बोलता बोलता दाराला पाठ लावून फट झाकली. शाळामास्तरीणबाई म्हणाल्या, "कायद्याचं काम कायदा करेल." तळमजल्यावरची म्हातारी तर म्हणाली, "तू मंडळींकडेच जा की. तुमचेच ना ते?"

शेवटी नर्सताई. इस्पितळातली सगळ्यात कडक बाई, आख्खी गल्ली टाके काढायला हिच्याकडे. बहीण जाऊन महिना झाला नव्हता. मावशी उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"ताई, तुमच्या बहिणीच्या दाराला सुतळी होती."

"नव्हती."

"ताई, मी स्वतः पाहिलीय. ब्लाउज टाकायला यायचे मी. तुम्ही ड्यूटीवरून आलात की सुतळी ओढून आत शिरायचात."

"नव्हती म्हटलं ना!" नर्सताई एवढ्या जोरात ओरडली की वरच्या मजल्यावर दारं उघडली. "तुझ्या नवऱ्यानं केल्यात किल्ल्या! माझ्या बहिणीच्या नावानं आता काही बोललीस तर जीभ हासडीन!"

दार आपटलं. लॅच लागलं. आणि आतल्या बाजूला लाकडावर किल्ली हलकेच आपटली, ती मावशीनं बाहेर उभं राहून ऐकली.

इथे दुसरी कोणी असती तर जिन्यात बसून रडली असती. मावशीचं डोकं फिरलं. तिचं डोकं फिरतं तेव्हा ती आरडाओरडा करत नाही, फार शांत होते. मी पाहिलंय, त्या वेळी दोन हात लांब राहावं.

शनिवारी दुपारी मोठी माणसं कामावर, पोरं मैदानात, म्हातारी तेवढी पेंगत होती. मावशी नर्सताईच्या मोठ्या इमारतीत शिरली आणि थेट वरच्या मजल्यावर गेली. पहिल्या दाराच्या फटीत दोन बोटं घातली. सुतळी. ओढली. किल्ली आली. दार उघडून सताड मोकळं केलं, आत पाऊल टाकलं नाही, आणि किल्ली तशीच कुलपात ठेवली, सुतळी खाली लोंबत. मग दुसरं दार. मग तिसरं. कुठे सुतळी, कुठे पायजम्याची नाडी, कुठे जुन्या इस्त्रीची वायर. फिटरच्या दाराला तर बुटाची लेस होती. वरपासून खालपर्यंत सगळा मजलान्‌मजला उघडा. मग ती सगळ्यात खालच्या पायरीवर जाऊन बसली, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून, सगळ्यांना दिसतील असे.

पहिली पोरं आली, मग बाया, मग सगळेच. जो गोंधळ झाला तो काय सांगावा!

"चोर! चोर!"

"अगं, काही गेलेलं नाही."

"गेलं नाही म्हणजे काय? दार उघडं आहे माझं! भारी कुलूप आहे!"

"किल्लीवालीनं केलं! नवरा आत तरी धंदा चालूच!"

"बसलीय बघ कशी, महाराणी!"

मावशी म्हणाली, "पोलिसांना बोलवा ना. मी कुठे पळून चाललेय?"

आणि त्यांनी खरंच बोलावलं! तिला तेच तर हवं होतं. ती ठाण्यात जाऊन सांगत होती तेव्हा कोणी लिहून घेत नव्हतं. आता आख्खी इमारत तक्रारदार होऊन पोलिसांच्या मागे लागली होती की लिहा, लिहा, आमची दारं उघडली.

तोच खोकणारा हवालदार आला, बरोबर एक महिला शिपाई. लोकांनी त्यांना वर ओढत नेलं, मावशीलाही. पहिलं दार फिटरचं. हवालदारानं पंचनामा लिहायला घेतला.

"कुलूप तोडलंय?"

"नाही."

"मग कशानं उघडलं?"

"किल्लीनं!" फिटर ओरडला. "तिनं दुसरी किल्ली केली असणार!"

"ही कुलपातली कोणाची?"

फिटरनं पाहिलं. "...माझी."

"तुमची किल्ली तिच्याकडे कशी गेली?"

फिटरनं किल्लीपुढे हात धरला.

"आणि ही लेस कसली हिला?"

"ती... पोराच्या बुटाची."

"किल्लीला बूट घालता होय?" हवालदारानं विचारलं. कोणीतरी फिस्सकन हसलं. महिला शिपायानं मावशीची झडती घेतली. हात, कनवट, पदर, केसांचा अंबाडासुद्धा सोडून पाहिला. ना किल्ली, ना कानस, ना तार. हवालदार मजल्यामजल्यानं फिरून पुन्हा फिटरच्या दाराशी आला, प्रत्येक दारापाशी तोच प्रश्न. "किल्ली कोणाची? तिला कुठे मिळाली?" माणसं एकमेकांची तोंडं बघायला लागली. खरं सांगावं तर साहेबांपुढे बोललेलं खोटं ठरतं, न सांगावं तर तक्रारच उभी राहत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

मास्तरीणबाई धीट. त्या म्हणाल्या, "हवालदार, ही बाई जादू करते का काय करते, ते तुम्ही शोधा. आमच्या किल्ल्या आमच्याचजवळ होत्या." मागून माना डोलल्या. सगळं पुन्हा झाकलं जाणार होतं.

हवालदार वैतागून म्हणाला, "म्हणजे सगळ्या इमारतीच्या किल्ल्या हिनं करून ठेवल्यात आणि करून झाल्यावर तुमच्याच कुलपात ठेवून गेली, असं लिहू? चला बाई, तुम्हालाही घेतो आत."

मावशी पुढे झाली. महिला शिपायानं तिचा दंड धरला.

"सोडा तिला."

नर्सताई होती. ड्यूटीवरून आलेली, अंगावर गणवेश, तिचंही दार उघडं, तिच्याही कुलपातून पांढरी पट्टी लोंबत होती. इस्पितळातली, जखमेला बांधतात ती.

"ही किल्ली फटीत असते," ती म्हणाली. "सगळ्यांच्याच असतात. वर्षानुवर्षं. दोन बोटं घातली की येते." मग तिचा आवाज खाली आला. "माझ्या बहिणीच्या दारालाही होती. मीच बांधली होती. कधी रात्रपाळीवरून परस्पर तिच्याकडे टेकायला जायचे, तेव्हा तिला उठवायला नको म्हणून."

 फिटरनं हळूच बुटाची लेस सोडवायला घेतली तशी हवालदारानं त्याच्या हातावर पेन मारलं. "राहू द्या. लिहायचीय."

सोमवारी नर्सताई रजा टाकून कोर्टात गेली आणि तेच पुन्हा बोलली. शनिवारी तिनं बोलून टाकलं होतं, पण सोमवारी तिला परत बोलायचं होतं, परक्या लोकांपुढे, आणि तेही पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हातानं बांधलेल्या सुतळीबद्दल. मावशी म्हणते, "माझं काय, मी तर चिडून केलं. खरी छाती तिची." न्यायाधीशांनी पंचनामा पाहिला, घुम्याचा हात पाहिला, आणि साहेबांकडे असं पाहिलं की साहेबांची पुढच्या महिन्यात बदली झाली. घुम्याला सोडलं.

सुटला म्हणून गोष्ट संपली असं तुम्हाला वाटेल. गल्ली तशी सोडत नसते. आठवड्याच्या आत नवीन अफवा तयार, "मंडळींनी सोडवला. त्यांच्या माणसाला कोर्ट काय करणार?" सुतळ्या गेल्या, कड्या आल्या, पण घुम्या मंडळींचाच राहिला.

आणि मग मंडळी खरंच आली. टपरीवर, भर सकाळी. त्यांचा म्होरक्या, ज्याला लोक चष्मेवाला म्हणत कारण तो रंगीत काचांच्या आडूनच जगाकडे पाहायचा. बरोबर दोन दांडगे. रस्ता बघता बघता रिकामा झाला, पण खिडक्या भरल्या.

चष्मेवाला गोड बोलला. "ताई, लोक म्हणतात तुम्ही आमच्या."

"लोक मलाही खूप काही म्हणतात."

"म्हणू द्या. तुम्ही नाही म्हणू नका, एवढंच. टपरीकडे कोणी वाकड्या नजरेनं बघणार नाही. नवऱ्याच्या हाताचं औषधपाणी होईल."

मावशीला तेव्हा उमगलं. याला ती अफवा हवी होती. चार बायका कोणी का मारेनात, नाव मंडळींचं झालं, आणि त्या नावानं भाडेकरू आपण होऊन खोल्या सोडायला लागले होते. फुकटची दहशत.

ती टपरीबाहेर आली. आवाज खिडक्यांपर्यंत जाईल असा लावला. "एक सांगा शेठ. त्या बायका तुम्ही मारल्यात का?"

चष्मेवाला हसला. "लोक म्हणतात, म्हणजे मारल्या असतील."

"मारल्या असतील तर तुम्ही एकट्यादुकट्या बायकांचे गळे दाबणारे. आणि मारल्या नसतील तर दुसऱ्याच्या पापावर मिशीला पीळ देणारे. यातलं कोणतं सांगून फिरता घरी? आईला काय सांगितलंत?"

एक दांडगा पुढे सरला. चष्मेवाल्यानं त्याला थांबवलं. चष्मा काढला, पुसला. मावशी सांगते की त्याचे डोळे अगदी साधे होते, बारीक, पाणी येणारे. "म्हटलं, अगं बाई, याला खरंच दिसत नाही!"

"बघून घेऊ," तो म्हणाला.

"चष्मा लावून बघा," ती म्हणाली.

त्याच आठवड्यात टपरी गटारात उलटी पडलेली मिळाली. मशीन वाकडं, कोऱ्या किल्ल्या चिखलात. तेव्हा तरी गल्लीला कळायला हवं होतं ना, की हे त्यांचे नाहीत? छे! गल्ली म्हणाली, "आपसात फाटलं वाटतं." मी त्या दिवसापासून लोकमत या गोष्टीचा आदर करायचं सोडून दिलं, जरी तेव्हा माझा जन्मही नव्हता.

टपरी उचलली मावशी, घुम्या आणि नर्सताईनं, इस्पितळातले दोन वॉर्डबॉय घेऊन. घुम्याचा उजवा हात पुन्हा कामाला आला नाही. मग कानस कोणी धरायची? मावशीनं धरली. आणि धरायची कशी ते सांगायला घुम्याला बोलावं लागलं. आयुष्यभर निम्मं उत्तर देणारा माणूस दिवसभर बोलू लागला. "इतकी दाबू नको. दात ऐक. कुलपाच्या आत काय चाललंय ते ऐक." मावशी म्हणायची, "अहो, पुरे, कान किटले!" आणि मनात म्हणायची, बोला, अजून बोला. सुरुवातीला तिनं केलेल्या किल्ल्या इतक्या वाईट होत्या की एका माणसाला तिनं महिनाभर त्याच्याच घराबाहेर ठेवलं असं अजून सांगतात. मग जमलं. गिऱ्हाईक तुटक तुटक आलं, बाहेरच्या गल्ल्यांतून, ज्यांना अफवा ठाऊक नव्हती. आमच्या गल्लीतलं पहिलं गिऱ्हाईक फिटर. मान खाली घालून आला. मावशीनं विचारलं, "कुलूप आणलंय का मालक आणलाय?" तो म्हणाला, "दोन्ही, वहिनी." घेतलं तिनं काम.

खून थांबले. का थांबले कोणाला ठाऊक नाही. खुनी मेला असेल, गाव सोडून गेला असेल, किंवा दोन बोटांना सापडणारी सुतळी गेली म्हणून असेल. चष्मेवाला त्याच्याच कोणा माणसाच्या हातून गेला. घुम्या म्हातारा होऊन, मावशीच्या शेजारी स्टुलावर बसून, कोणाला तरी रागावता रागावता गेला.

तो गेल्यावर वर्षभरात एक तरुण अधिकारी आला. मी तेव्हा टपरीवरच होते, मालकानं पाणी तोडलं होतं त्याच्या अर्जासाठी सह्या गोळा करत. अधिकारी सभ्य होता, मावशीला आजी म्हणाला.

"आजी, जुनी प्रकरणं निकाली काढायचा हुकूम आलाय. हे सगळ्यात जुनं. आता तुमच्याखेरीज संबंधित कोणीच हयात नाही. तुम्ही एवढंच सांगायचं, की जाण्याआधी आजोबा म्हणाले होते, मंडळींनी धाक घालून किल्ल्या करून घेतल्या. धाक घालून, असंच लिहितो. त्यांची काही बदनामी नाही. आणि फाइल बंद."

माझ्या तोंडातून जे निघालं ते इथे छापता येणार नाही. मावशीनं माझ्या मनगटावर हात ठेवला, कानसेच्या घट्ट्यांचा हात, आणि मला गप्प केलं. तिच्याशिवाय हे कोणाला जमत नाही.

"बाळा, त्या चौघींना कोणी मारलं, तुला माहीत आहे?"

"नक्की नाही, आजी."

"मलाही नाही. मग तेच लिही."

"तसं लिहिलं तर प्रकरण उघडंच राहतं. उघड्या फाइलचा फार ताप असतो हो. दर वर्षी कोणाला तरी ती काढून पहिल्यापासून वाचावी लागते आणि का उघडी आहे ते वर कळवावं लागतं."

मावशीनं डोळे बारीक केले. "दर वर्षी? म्हणजे चौघींची नावं वाचावी लागतात? वयं, कामं, सगळं?"

"सगळं. आणि शेवटी सही."

"कोणाची?"

"यंदा माझी."

"मग नीट वाच," मावशी म्हणाली, "घाई करू नको." आणि त्याला बसायला घुम्याचं स्टूल पुढे केलं.